पॉइंटवर अडणारं इंजिन

मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यांत जास्त छळतं काय? उत्तर बहुधा एकच येईल. सरळ रुळावर झकास पळणारं इंजिन पॉइंटवर आलं, म्हणजे एका मार्गाचे दोन होतात त्या जागी आलं, की कचरतं. पुढचा दिवा मिणमिणतो आणि गाडी उभी राहते. बोटानं किंचित ढकलली की पुन्हा चालू. चार चाकांचं लहान शंटिंग इंजिन असेल तर हे हमखास होतं, आणि यार्डात सर्वांत जास्त काम नेमकं त्याच इंजिनाला असतं.

माझा भाऊ मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. पॉइंट आणि ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते विजेनं ओळखणारी जोडणी) सांभाळण्यात त्याची सगळी नोकरी सरली. आता कल्याणच्या घरी त्यानं प्लायवूडवर एचओ मापाचं यार्ड उभं केलंय. गाड्या मूळ आकाराच्या ८७व्या हिश्शाच्या, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर. माझी मुलगी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. कोथरूडला १९९८ साली सुरू झालेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय तिनं शाळेत असताना पाहिलं, तेव्हापासून तीही यात रमलेली. पण अडणाऱ्या इंजिनाचं काय करायचं, यावर मामा-भाचीचं मुळीच जमत नाही. कंट्रोलर बहुतेक वेळा माझ्या हातात असतो, त्यामुळे दोघांच्याही बाजू मी पुरत्या ऐकल्या आहेत. त्या इथे मांडते आहे. मला काय वाटतं तेही ओघात सांगेन.

भाची : मामा, किती पुसशील तो रूळ? मला इंजिनात एक कपॅसिटर बसवू दे. कीप-अलाइव्ह म्हणतात त्याला. खालून वीज तुटली तरी इंजिन एक-दोन सेकंद आतल्या साठ्यावर चालतं. पॉइंट ओलांडायला तेवढं पुष्कळ झालं.

मामा : आणि वीज तुटली का, ते कोण बघणार?

भाची : त्यात बघायचं काय? डाव्या रुळात एक ध्रुव, उजव्यात दुसरा. चाकांमधून वीज मोटरकडे जाते. पॉइंटमध्ये एका मार्गाचा डावा रूळ दुसऱ्या मार्गाच्या उजव्या रुळाला छेदतो. दोन ध्रुव तिथे भिडले तर शॉर्ट होणार, म्हणून त्या छेदाच्या जागी, फ्रॉगमध्ये, प्लास्टिक घातलेलं असतं. चाक त्यावर आलं की त्याला वीज नाही. बनावटच तशी आहे. कितीही घासलंस तरी प्लास्टिकमधून वीज जायची नाही.

मामा : नाही जायची, कबूल. पण त्या बाजूला चाकं दोन आहेत. पुढचं प्लास्टिकवर असतं तेव्हा मागचं अजून धातूवर असतं. मागचं प्लास्टिकवर येईपर्यंत पुढचं पलीकडे धातूवर पोचलेलं असतं. या इंजिनाच्या दोन आसांमधलं अंतर प्लास्टिकच्या तुकड्यापेक्षा जास्त आहे, मी मोजलंय. म्हणजे एक ना एक चाक कायम धातूवर आहे आणि तरी इंजिन थांबतंय. ते चाक वीज का घेत नाही, एवढंच मला शोधायचंय.

मामाचा हा प्रश्न मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. प्लास्टिक डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळा ठपका त्याच्यावर जातो. प्रत्यक्षात पुष्कळ इंजिनं आधीपासूनच चारांपैकी तीन किंवा दोन चाकांवर वीज घेत असतात. सरळ रुळावर ते खपून जातं, फ्रॉगवर उघडं पडतं.

त्या दिवशी मामानं इंजिन अडलं तिथेच राहू दिलं. चाकं टेकली होती त्या जागी स्लीपरवर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मग इंजिन उचललं. एक पोलादी पट्टी रुळाच्या माथ्यावरून फ्रॉग ओलांडून उभी धरली आणि पलीकडून टॉर्च मारला. पट्टीखाली, प्लास्टिकच्या अलीकडे आणि पलीकडे, केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. प्लास्टिक रुळापेक्षा तेवढंच वर आलं होतं. चार चाकांच्या इंजिनाची चौकट ताठ असते. एका पायाखाली पुठ्ठा घातलेलं टेबल डुगडुगतं, तसं पुढचं चाक प्लास्टिकवर चढलं की त्याच बाजूचं मागचं चाक रुळावरून सुटत होतं. म्हणजे त्या रुळावर टेकलेलं एकही चाक उरत नव्हतं. मामानं बारीक कानशीचे हलके हात फिरवले, पुन्हा पट्टी ठेवली, पुन्हा कानस. उजेड दिसेनासा झाल्यावर थांबला. मग पॉइंटच्या मधोमध पिळलेला स्क्रू अर्धा आटा सैल केला. तो घट्ट आवळला की स्लीपर मधून दबतो आणि रुळांमधलं अंतर आक्रसतं.

मामा : ताई, आता सोड हळू. सगळ्यांत कमी वेगात.

इंजिन गेलं. पण परतताना एकदा अडखळलं.

भाची : बघ.

मामा : बघतोच आहे. चाकं पालथी करून बघ तू.

चाकांच्या कडांवर काळं कडं जमलं होतं. त्यासाठी दोघांची रीत एकच आहे. टिश्यू पेपर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओला करून रुळांवर आडवा घालायचा. इंजिनाची पुढची चाकं कागदावर, मागची उघड्या रुळावर ठेवायची, इंजिन हातानं धरायचं आणि मोटर फिरू द्यायची. कागदावर दोन काळे पट्टे उमटतात. मग इंजिन फिरवून मागची चाकं. यात भाचीनं सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर रुळावर बसतो. पॉलिश पेपरनंही घासू नये. पेपरनं पडलेल्या ओरखड्यांत काजळी आणखी साचते.

भाची : हे सगळं ठीक. पण तू निवृत्त आहेस, रोज पुसशील. मी सुट्टीला रूळ काढते, तोवर पुण्याची धूळ बसलेली असते. आणि माझ्याकडचं जुनं वाफेचं इंजिन बघ. एका रुळाची वीज इंजिनाच्या चाकांनी घ्यायची, दुसऱ्या रुळाची टेंडरच्या, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, चाकांनी. शिवाय पकड यावी म्हणून दोन चाकांना रबरी टायर. वीज घेणारी चाकं राहिली किती? त्याला पट्टी आणि कानस काय करणार?

मामा : त्याला वायपर वाढव. फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी चाकाच्या पाठीला हलकी टेकेल अशी लाव. दोन्ही बाजूंनी, इंजिनालाही आणि टेंडरलाही. जितकी चाकं वीज घेतील तितका फ्रॉगचा त्रास कमी. कोलकाता मेट्रोला वीज तिसऱ्या रुळातून मिळते. पॉइंट असतात तिथे तो रूळ तुटलेला असतो, तरी गाडी अंधारात थांबत नाही, कारण वीज घेणारे शू गाडीला ठिकठिकाणी आहेत. एक तुटीवर असताना दुसरा रुळावर असतो.

भाची : मग तुझी रेल्वे न्यूट्रल सेक्शन कसा ओलांडते? २५ हजार व्होल्टच्या वायरमध्ये दोन सबस्टेशनांच्या मध्ये एक तुकडा मुद्दाम मेलेला ठेवलेला असतो. लोको पायलट डीजे, म्हणजे इंजिनाचा मुख्य सर्किट ब्रेकर, उघडून वीज तोडतो, गाडी तिच्या वेगावर पलीकडे जाते, मग तो डीजे पुन्हा जोडतो. तिथे कुणी म्हणत नाही की आधी त्या तुकड्यात वीज आणा. साठवलेल्या गतीवर पार होणं ही खुद्द रेल्वेची रीत आहे. माझा कपॅसिटर तेच करतो.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. उपनगरी मार्गावर १५०० व्होल्ट डीसी जाऊन २५ हजार व्होल्ट एसी येत होतं, त्या वर्षांत दोन्ही व्यवस्थांच्या सीमेवर डब्यातले दिवे-पंखे बंद पडायचे आणि लोकल तशीच पुढे सरकत राहायची. भाचीचा मुद्दा बिनतोड आहे असं मला वाटलं होतं.

मामा : बरोबर आहे, करते. पण कुठे करते? ठरवून, मोकळ्या जागी, जिथे गाडीला थांबावं लागणार नाही अशा ठिकाणी. ५०० मीटर आधी बोर्ड, २५० मीटर आधी बोर्ड. ती तूट नकाशावर आहे, सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या कपॅसिटरमुळे जी झाकली जाईल ती तूट कुणाच्याच नकाशावर नाही. आज एका चाकाचा वायपर वाकडा झाला, तुला कळणार नाही. उद्या दुसऱ्याचा होईल, तेही कळणार नाही. एक दिवस कपॅसिटर भरायलाच वीज पोचणार नाही, आणि तेव्हा तू एकदम चार बिघाड शोधत बसशील.

ही भीती मला खरी वाटते, पण ती शिस्तीनं टाळता येते. कीप-अलाइव्हची तार काढून अधूनमधून इंजिन चालवून पाहिलं की काय झाकलं गेलंय ते कळतं.

आता थांबण्याच्या दुसऱ्या प्रकाराकडे. तो पहिल्यासारखाच दिसतो, म्हणून माणसं फसतात. यार्ड आता डीसीसीवर आहे. रुळात सतत सारखी वीज आणि प्रत्येक इंजिनातल्या डीकोडरला त्याच्या पत्त्यावर हुकूम जातो. लेन्झ या जर्मन कंपनीनं विकसित केलेल्या या पद्धतीला एनएमआरए या अमेरिकी संस्थेनं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात प्रमाण मानलं. यार्डाच्या टोकाच्या पॉइंटवर एक लांब डिझेल इंजिन आलं की फक्त ते थांबत नव्हतं, सगळ्याच गाड्या थांबत होत्या.

भाची : हा शॉर्ट आहे. रुळाला वीज पुरवणाऱ्या बूस्टरनं स्वतःला वाचवायला सगळी वीज तोडली. इथे माझा कपॅसिटर कामाचा नाही, मीच सांगते. वीज मिळाली नाही म्हणून थांबणं वेगळं आणि शॉर्टमुळे थांबणं वेगळं. आधी हे ओळखायचं. एकच इंजिन मेलं तर संपर्क बघा, सगळं यार्ड मेलं तर शॉर्ट बघा.

मामा : खोली अंधारी कर. ठिणगी कुठे पडते ते दिसेल.

ठिणगी फ्रॉगवर नव्हती. ती बरीच अलीकडे, उघड्या टंग रेलपाशी पडत होती. टंग रेल म्हणजे मार्ग बदलताना सरकणारा निमुळता रूळ; ती ज्या स्थिर रुळाला टेकते ती स्टॉक रेल. न टेकलेली ती उघडी. हा पॉइंट धातूच्या फ्रॉगचा. अशा पॉइंटमध्ये, कारखान्यातून येतो तसाच बसवला तर, दोन्ही टंग रेल फ्रॉगच्याच ध्रुवावर असतात. उघडी टंग रेल आणि तिच्या शेजारची स्टॉक रेल यांत ध्रुव विरुद्ध. चाक स्टॉक रेलवर चालत असताना त्याची पाठ उघड्या टंग रेलला घासली की शॉर्ट. भाचीनं व्हर्नियर लावला. एका आसावरची चाकं आत सरकली होती. दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर एचओमध्ये १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं, ते कमी भरलं. चाक पिळत बाहेर सरकवलं आणि यार्ड पुन्हा चालू झालं.

प्लास्टिकच्या फ्रॉगलाही शॉर्टची एक जागा असते. प्लास्टिक संपून दोन रूळ सुरू होतात तिथे ते इतके जवळ असतात की रुंद चाक दोघांवर एकदम टेकतं. त्यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे त्या दोन टोकांवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात. पॉलिश झिजतं, पुन्हा लावायचं.

भाची : मामा, मुळाशी जायचं म्हणतोस ना? मग मुळाशीच जाऊ. पुढच्या यार्डात प्लास्टिकचा फ्रॉगच नको. इंग्लंडमधली पेको कंपनी प्लास्टिकवाल्याला इन्सुलफ्रॉग म्हणते, धातूवाल्याला इलेक्ट्रोफ्रॉग. धातूवाला घेऊ आणि त्याला वीज आपण देऊ.

मामा : देऊ कशाला? टंग रेल स्टॉक रेलला टेकली की फ्रॉगला आपोआप वीज मिळते.

भाची : टेकली तर! त्या फटीत धूळ जाते, रंग जातो. मागच्या वर्षी तू खडी चिकटवायला पातळ केलेला फेव्हिकॉल ओतलास, तो टंग रेलच्या बिजागरीत गेला. तेव्हापासून तो पॉइंट कधी चालतो, कधी नाही. तुम्ही नोकरीत ट्रॅक सर्किटची वीज रुळांचे सांधे जोडणाऱ्या फिशप्लेटच्या भरवशावर सोडायचात का?

मामा : (थोडं थांबून) नाही. प्रत्येक सांध्यावर बाँडिंग वायर. आणि टंग रेल नीट बसली का, याची पाच मिलिमीटरची चाचणी. टंग आणि स्टॉक रेलमध्ये पाच मिलिमीटरचा तुकडा घालायचा आणि पॉइंट चालवायचा. पॉइंट हलवणाऱ्या मशीननं लॉक घेतलं तर मशीन नापास.

भाची : मग इथे का सोडतोस?

यावर मामाकडे उत्तर नव्हतं आणि त्यानं ते शोधलंही नाही. तो लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसला, हे मला त्याच्याबद्दल फार आवडतं. जोडणी सोपी आहे. टंग रेलच्या मागचे रूळ फ्रॉगपासून तोडायचे आणि आपापल्या शेजारच्या स्टॉक रेलला तारेनं जोडायचे. यामुळे उघड्या टंग रेलवरचा शॉर्टही कायमचा मिटतो. फ्रॉगच्या पलीकडे निघणाऱ्या दोन आतल्या रुळांवर प्लास्टिकच्या फिशप्लेट घालायच्या. फ्रॉगला एक तार, ती चेंजओव्हर स्विचच्या मधल्या पायाला. बाजूचे दोन पाय दोन स्टॉक रेलना. पॉइंट हलवणाऱ्या सळईनंच स्विच सरकला पाहिजे, म्हणजे मार्ग बदलला की फ्रॉगचा ध्रुवही बदलतो. ध्रुव उलटा आला तर बाजूच्या दोन तारांची अदलाबदल. असा स्लाइड स्विच मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतो.

मामाच्या मनात आणखी एक गोष्ट होती. त्याला खऱ्यासारखे लांब, निमुळते पॉइंट हवे आहेत. आपल्या रेल्वेत एकास साडेआठ (साडेआठ पुढे गेल्यावर दोन मार्ग एकनं दूर) आणि एकास बारा हे नेहमीचे. खेळातले पॉइंट याहून फार तिरके असतात. पेकोच्या ब्रिटिश धाटणीच्या स्ट्रीमलाइन पॉइंटचा कोन १२ अंश, म्हणजे एकास पाचापेक्षाही तिरका.

भाची : एकास साडेआठ केलास तर फ्रॉग लांब होणार. तो प्लास्टिकचा ठेवलास तर तुझा तो आसांमधल्या अंतराचा हिशेबच मोडेल. तिथे चार चाकांचं इंजिन अडणारच, चाकं कितीही स्वच्छ असली तरी.

मामा : म्हणून तर तार घालतोय.

जर्मनीतल्या मार्कलिनची वाट याहून निराळी. तिथे दोन्ही रूळ एकाच ध्रुवावर आणि दुसरा ध्रुव मधल्या बारीक खिळ्यांमधून, इंजिनाखालच्या लांब स्लायडरनं घेतलेला. फ्रॉगवर दोन ध्रुव भेटतच नाहीत. मामाला रुळांमधले ते खिळे नजरेला खुपतात, म्हणून आमच्या घरी ती वाट बंद.

भाची : शेवटचं विचारते. तार झाली, पट्टी झाली, चाकं झाली. आता तरी कीप-अलाइव्ह लावू?

मामा : लाव. सगळ्यांत शेवटी लाव. पण मला सांग, तुझं इंजिन वीज बंद केल्यावरही दोन सेकंद पळतं ना? टर्नटेबलचा खड्डा उघडा असेल तर?

भाची : पडेल. म्हणून साठा लहान ठेवायचा, पॉइंट ओलांडण्यापुरता. २.७ व्होल्टचे पाच-सहा सुपरकपॅसिटर एकामागे एक, आणि ते भरताना बूस्टरवर एकदम ताण येऊ नये म्हणून रेझिस्टर आणि डायोड. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डीकोडर कधीकधी उत्तर देत नाही, तेव्हा तो सोडवायचा. आणि साध्या डीसीवर चालणाऱ्या इंजिनाला हे लागूच नाही. तिथे दिशाच ध्रुवावर ठरते. त्याला पितळी फ्लायव्हील बरं.

मामा : एवढं पथ्य असलेलं औषध तू पहिल्यांदा देणार होतीस.

भाची : अजूनही देईन. धूळ थांबत नाही, मामा.

त्यांचा वाद इथवरच मिटला आहे. माझं मत मामाच्या क्रमाकडे आणि भाचीच्या तारेकडे झुकतं. आधी संपर्क तुटतोय की शॉर्ट होतोय ते ओळखायचं, मग पट्टी, मग चाकं, मग वायपर आणि कपॅसिटर शेवटी. धातूच्या फ्रॉगला स्वतंत्र तार मात्र पहिल्या दिवसापासून हवी. तुम्ही नवा पॉइंट बसवणार असाल तर त्या तारा आधी खालून सोल्डर करा, मार्ग दोन्ही बाजूंना बदलून मीटरनं तपासा, सर्वांत लहान इंजिन सर्वांत कमी वेगात त्यावरून नेऊन बघा आणि मगच खडी चिकटवा. खडी बसल्यावर तार घालायची झाली तर आख्खा पॉइंट उखडावा लागतो.